नाकाच्या पडद्याचं भोक बुजवायचं ऑपरेशन, आधी काय काय करून ठेवायचं

तारीख मिळाली की आपण बॅग भरायला लागतो, पण खरी तयारी पोराच्या नाकात असते आणि ती काही आठवडे आधीच सुरू करावी लागते. ऑपरेशनमध्ये पडद्यातल्या (म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीतल्या) भोकाच्या कडेचं अस्तर सोडवून, सरकवून टाके घालतात, मध्ये बऱ्याचदा कानाजवळच्या स्नायूवरचं पातळ आवरण नाहीतर कूर्चा (मऊ, लवचिक हाड) ठेवतात, आता ते अस्तरच सुकलेलं आणि खपल्यांनी भरलेलं असेल तर टाके धरणार कशाला? म्हणून सलाईन स्प्रे आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम चुकवायचं नाही, खपली ओढायची नाही, भिजून सुटू द्यायची, आणि नखं बारीक कापायची कारण रात्री झोपेत बोट नाकात जातंच. आमच्याकडे रोज सकाळी अभ्र्यावर रक्ताचा ठिपका असायचा आणि झोपेत बारीक शिट्टी वाजायची, ठिपके थांबले तेव्हाच डॉक्टर तारखेचं बोलले.

भोक कशाने पडलं ते नीट सांगा: मार लागून रक्त साचलेलं, आधीचं ऑपरेशन, घोळणा थांबवायला दोन्ही बाजूंनी जाळलेलं, की बटन सेल (घड्याळात, खेळण्यात असतो तो चपटा गोल सेल, हा नाकात गेला तर काही तासांत जाळतो, थेंबबिंब न घालता थेट हॉस्पिटल गाठा). आणि आत्ताच का, हे विचाराच. पडद्याच्या कूर्चेवर नाकाची वाढ अवलंबून असते, त्यामुळे कधीकधी वाढ होईपर्यंत थांबतात, तोवर भोकात सिलिकॉनचं बटणासारखं झाकण बसवून भागवतात.

रिपोर्ट, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, घरात कुणाला रक्त लवकर न थांबायचा त्रास, हलणारा दात, हे सगळं भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. सर्दी-ताप आला तर लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल. उपाशी ठेवायची वेळ हॉस्पिटल सांगेल तीच, साधारण जेवण 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत, आणि आजीला हे आधीच समजावून ठेवा नाहीतर 'एकच बिस्किट' होतं.

सगळ्यात राहून जाते ती प्रॅक्टिस. नंतर नाकात सिलिकॉनच्या पट्ट्या असतात, बहुतेक एक-दोन आठवडे तरी, नाक बंदच वाटतं आणि पोरं घाबरतात, म्हणून आधीच खेळ म्हणून नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्यायला लावा, उंच उशीवर झोपवा, नाक शिंकरायचं नाही हे रोज बोला, आणि शिंक आली की तोंड उघडायचं, आमच्याकडे यावर अख्खं घर आ वासून शिंकायला लागलं होतं.