कथेतल्या पात्रांची नावं ठरवताना

आधी पात्राचं जन्मसाल ठरवा, नाव नंतर. १९४०च्या आसपास जन्मलेली आजी द्वारका किंवा यमुना शोभते, १९७०ची बाई सुनीता किंवा संगीता, आणि २०१५ची मुलगी ओवी किंवा अन्वी. पन्नाशीच्या तलाठ्याचं नाव विहान ठेवलंत की वाचक तिथेच अडखळतो.

आडनावाला गाव असतं. सावंत, परब म्हटलं की सिंधुदुर्ग डोळ्यांपुढे येतो, वानखेडे म्हटलं की विदर्भ. त्यातून जातही सूचित होते, म्हणून खलपात्राचं आडनाव तर फारच जपून निवडा.

देवनागरीत इंग्रजीसारखी कॅपिटल-स्मॉल अक्षरं नाहीत, हे बरेच जण विसरतात. ‘संध्याकाळी किरण खिडकीतून आत आला’ यात माणूस आला की उजेड? आशा, किरण, प्रकाश ही नावं घ्यायचीच असतील तर पहिल्या उल्लेखात आडनाव किंवा नातं जोडा: ‘धाकटा किरण’.

सर्वात जास्त घोळ पहिल्या अक्षरामुळे होतो. ‘सुधीरने सुहासला सुनीलची वही दिली’ हे वाक्य मोठ्याने वाचून बघा. मुख्य चार-पाच पात्रांची आद्याक्षरं वेगळी हवीत, अक्षरसंख्याही: रमा, दिगंबर, प्राजक्ता.

कोण कोणाला काय हाक मारतं, तेही लिहून ठेवा. दिगंबर आईचा दिगू, भावजयीचा भाऊजी, कचेरीत कुलकर्णी साहेब.

एकाहून जास्त कथा लिहीत असाल तर वहीत तीन रकाने करा: नाव, कथा, स्वभाव. नाहीतर प्रत्येक सोशिक नायिका नकळत सुमनच होते.