जुन्या डेस्कटॉपमधून घरचा स्टोरेज सर्व्हर

घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रं एका जागी ठेवायला नवं यंत्र लागत नाही. ६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप पुरतो. बाकीचं सामान इंदूरकरांना आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये मिळेल: सिस्टीमसाठी १२० जीबीची एसएसडी, ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क आणि कॅट ६ केबल.

डिस्क सीएमआर (शेजारी-शेजारी ट्रॅक असलेली) आहे ना, हे दुकानातच विचारून घ्या. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे चढलेले असतात, त्यामुळे मोठी कॉपी करताना वेग मध्येच कोसळतो. डब्ल्यूडीच्या रेड प्लस आणि सीगेटच्या आयर्नवुल्फ या डिस्क चालतील. केबलच्या आठही तारा जोडलेल्या हव्यात. चारच क्रिम्प केल्या असतील तर गिगाबिट पोर्टही १०० एमबीपीएसवर अडकतो आणि सेकंदाला ११० ऐवजी जेमतेम ११ एमबी जातात.

ओपनमीडियाव्हॉल्ट ही स्टोरेज सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम फुकट आहे. तिची आयएसओ (इन्स्टॉल करायची) फाइल बलेनाएचर या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा. इन्स्टॉल करताना दोन्ही मोठ्या डिस्कच्या साटा केबल काढून ठेवा, नाहीतर चुकीची डिस्क पुसली जाऊ शकते. मग स्क्रीनवर दिसणारा आयपी (सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता) दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं नाव admin आणि पासवर्ड openmediavault, दोन्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत. पासवर्ड लगेच बदला. राउटरमध्ये हा आयपी राखून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलणार नाही. नंतर डिस्क जोडून दोन्हींवर वेगवेगळी ईएक्सटी४ फाइल सिस्टीम बनवा, शेअर्ड फोल्डर आणि घरातल्या प्रत्येकाचं खातं तयार करा, एसएमबी (नेटवर्कवरून फोल्डर दिसण्याची सोय) सुरू करा.

दोन डिस्क म्हटल्या की बहुतेक जण मिरर करतात, म्हणजे दोन्हींवर सतत तेच लिहिलं जातं. घरासाठी आम्ही ते सुचवत नाही. मिररमध्ये चुकून पुसलेला फोल्डर त्याच क्षणी दोन्हीकडून जातो, आणि घरात डिस्क बिघडण्याआधी बोटच चुकतं. त्यापेक्षा पहिली डिस्क वापरायची, दुसरी फक्त नकलेसाठी. सर्व्हिसेसमधल्या आरसिंकमध्ये (नक्कल करणारं साधन) 'लोकल' काम तयार करून रात्री २ ची वेळ द्या. 'डिलीट' हा पर्याय बंदच ठेवा, मग पुसलेली फाइल दुसऱ्या डिस्कवर शाबूत राहते. नकलेच्या फोल्डरचं एसएमबी शेअर करू नका. लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर ते थेट तिथे पोचणार नाही. मात्र बिघडलेली फाइल त्या रात्री चांगलीवर चढू शकते, म्हणून महिन्यातून एकदा तिसऱ्या यूएसबी डिस्कवर प्रत घेऊन ती मावशीकडे ठेवायला द्या. चोरी किंवा आग दोन्ही डिस्क एकदमच नेते.

मे महिन्यात माळ्यावर किंवा बंद कपाटात पेटी ठेवू नका. डिस्क ५० अंशांपुढे जायला नको. पावसाळ्यातल्या झटक्यांसाठी ६०० व्हीएचा यूपीएस लावा. बाहेरून वापरायचं असेल तर राउटरचा पोर्ट ४४५ (एसएमबीचा) कधीही उघडू नका, टेलस्केल ही सुरक्षित खाजगी जोडणीची सेवा वापरा.

स्मार्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) 'पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट न वाचता येणारे भाग, शून्यावरून वाढू लागले की डिस्क बदला. पहिल्या आठवड्यात एक फोल्डर मुद्दाम पुसून नकलेतून परत आणून बघा.