शेतातला की कारखान्यातला? जुना टोचन-ट्रॅक्टर ओळखायचा कसा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडमागे किंवा चिक्कोडी-अथणी पट्ट्यातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या यार्डात बुटका, जाडजूड ट्रॅक्टर गंजत पडलेला दिसला, की लोक आधी बॉनेट बघतात. बॉनेट कुणीही बदलतं आणि रंग तर दर दिवाळीला बदलतो. ओढकामासाठीच बनवलेली गाडी आहे का, हे ठरवायचं तर मागच्या बाजूने सुरुवात करावी.

शेतीच्या ट्रॅक्टरला मागे अवजार उचलणाऱ्या लिफ्टचे दोन हात, अवजाराला फिरती ताकद देणारा पीटीओचा दांडा आणि खाली ओढायची पट्टी, म्हणजे ड्रॉबार असतो. ओढकामाच्या, म्हणजे इंडस्ट्रियल मॉडेलला बहुधा लिफ्ट आणि पीटीओ नसतातच. त्याऐवजी जाड प्लेटांचा हूक असतो. काहींना एकावर एक तीन-चार खण आणि त्या सगळ्यांतून जाणारी एकच उभी पिन असते. ट्रॉलीची दांडी ज्या उंचीला येईल, त्या खणात अडकवायची. पण नुसती लिफ्ट नाही म्हणून खूश होऊ नका, ती काढून विकलेलीही असू शकते. लिफ्टच्या जागेवर बोट फिरवून बघा. कंपनीचं झाकण बिडाचं असतं, त्याच्या कडा मशीनवर घेतलेल्या असतात आणि पार्ट नंबर उठावाचा असतो. गॅस कटिंगच्या खरखरीत रेघा हाताला लागल्या, तर ते शेतातलंच मुंडकं (ट्रॉलीशिवायचा ट्रॅक्टर) समजावं.

नंबर वाचायला ग्राइंडर लावू नका. रॉकेलने मळ मऊ करा, पितळी वायर ब्रश मारा, वाळल्यावर खडू आडवा घासा. उठावाची अक्षरं पांढरी होऊन वर येतात. १९६५ पासूनच्या फोर्डमध्ये तारखेचा कोड सापडला, तर आधीचा आकडा वर्षाचा शेवटचा, मधलं अक्षर महिन्याचं आणि शेवटचे आकडे दिवसाचे. म्हणजे ५, सी, १४ असेल तर १४ मार्च १९६५ (किंवा १९७५). (महिन्यांत ‘आय’ हे अक्षर वगळलेलं आहे, हे मोजताना ध्यानात ठेवा.) ही तारीख त्या ओतीव भागाची. गाडी जोडली गेली त्यानंतर.

वजनाचं प्रकरण जास्त रंजक. असल्या गाडीचं बंपर म्हणजे शोभेची पट्टी नव्हे, बिडाचा ठोकळा असतो. ओढ इंजिनावर जेवढी, तेवढीच मागच्या चाकांवरच्या भारावर अवलंबून असते. काट्यावर पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा तोला. कोरड्या काँक्रीटवर ओढ मागच्या भाराच्या साधारण ६० ते ७० टक्के धरावी. ३ टनाच्या गाडीचे २ टन मागे असतील, तर ओढ १२०० ते १४०० किलो. सपाट काँक्रीटवर २० टनांच्या भरल्या ट्रेलरला सुमारे ४०० किलोची ओढ पुरते, म्हणून गाडी सहज पळते. तोच ट्रेलर २० मीटरला १ मीटर चढावर घातला, की गाडीचं स्वतःचं वजन धरून गरज १६०० किलोपर्यंत जाते, चाकं जागेवर फिरतात आणि लोक इंजिनाला शिव्या देतात. हूक मागच्या अॅक्सलच्या मध्याच्या वर बसवला असेल, तर पुढची चाकं उचलून गाडी उलटू शकते. असा वेल्डिंग केलेला हूक दिसला, तर आधी तो काढा.

हरवलेलं वजन फाउंड्रीत ओतून घेता येतं. मात्र मूळ वजनावरूनच साचा घेतला, तर बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं. ३०० मिलिमीटरचा ठोकळा २९७ चा निघतो. डाव्या-उजव्या वजनांत एवढा फरक सापडला, तर एक नंतरचं आहे, हे विकणाऱ्याला न विचारता कळतं.

टाकीला दोन झाकणं असली, तर थांबा. लहान कप्प्यात पेट्रोल, मोठ्यात टीव्हीओ नावाचं रॉकेलसारखं इंधन. पेट्रोलवर सुरू करून इंजिन चांगलं तापल्यावर कॉक फिरवायचा. थंड इंजिनावर फिरवला, तर न जळलेलं तेल सिलिंडरमधून खाली ऑइलच्या चेंबरात उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि रॉकेलचा वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका. हँडल हळू फिरवताना ‘टक्’ असा आवाज आला, तर ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची, सुरू करताना त्याला झटका देणारी इम्पल्स कपलिंग शाबूत आहे.

खरी दुर्मीळ जात वेगळीच. बेळगावजवळच्या सांबऱ्याची विमानांची धावपट्टी १९४२ ची. त्या युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाकडे विमानं ओढायला डेव्हिड ब्राउन कंपनीचा व्हीआयजी ट्रॅक्टर होता. ड्रायव्हरभोवती वळवलेला पत्रा, रुंद बाक, आणि काहींना मागे दोर गुंडाळून ओढणारी विंच. १९३४ चा स्कॅमेल मेकॅनिकल हॉर्स पुढच्या एकाच चाकावर वळतो आणि ट्रेलर आपोआप जोडून घेतो. लिस्टर ऑटो-ट्रकचं इंजिन पुढच्या चाकावरच बसतं आणि चाकासकट गोल फिरतं. यांतलं काही सापडलं, तर रंग खरवडू नका. विभागाचा क्रमांक किंवा यार्डातलं नाव खालच्या थरात असतं.

कागदांचं म्हणाल, तर फक्त कारखान्याच्या आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास गाडी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) प्रमाणे मोटार वाहनात मोडतच नाही, त्यामुळे आरसी नसणं संशयास्पद नाही. उलट अशा गाडीवर केए २२ ची (बेळगावची) पाटी दिसली, तर चेसिस नंबर ताडून पाहा, ती दुसऱ्याच ट्रॅक्टरची असू शकते. २०२१ चे व्हिंटेज नियम ५० वर्षांवरच्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी आहेत, त्यांच्या भरवशावर पैसे देऊ नका. घरी नेताना टोचन करून रस्त्याने आणू नका. ब्रेकचे लाइनर वर्षानुवर्षं सुकलेले असतात. लॉरीवर चढवा, चारही चाकांना लाकडी ओट लावा आणि साखळी हुकाला नव्हे, अॅक्सलला बांधा.