आडोशाच्या पाण्यात निघण्याआधी

खाड्या, कालवे आणि बेटांच्या आडोशातली पाणवाट धरली की लाटांची भीती उरत नाही. उरतो उथळ तळ, आणि नेमकं अरुंद जागी बंद पडणारं इंजिन. म्हणून तयारी नांगरापासून सुरू करा. इंजिन थांबताच प्रवाह बोटीला पुलाच्या खांबाकडे ओढू लागतो. तेव्हा दोराचा गुंता सोडवायला वेळ नसतो. नांगर चटकन सोडता यावा, आणि साखळीचं आतलं टोक बोटीला बांधलेलं आहे हे स्वतः पाहून घ्यावं. पाण्याची खोली, चढणारी भरती आणि नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची यांच्या बेरजेच्या निदान पाचपट साखळी-दोर जवळ हवा.

सगळ्यात जास्त वेळ द्या इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला. गाळणीत शेवाळ किंवा प्लास्टिक अडकलं की पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) कोरडा फिरतो आणि काही मिनिटांत त्याची पाती फाटतात. दोन जादा इंपेलर, गॅस्केट आणि झाकणाचे स्क्रू बरोबर घ्या. पण नुसता सुटा भाग घेऊन भागत नाही. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर तो एकदा स्वतः बदलून पाहा. मला पहिल्यांदा दीड तास लागला होता, आणि तो वाहत्या पाण्यात लागला नाही याचं मला आजही समाधान आहे. खाली फडकं अंथरा, म्हणजे स्क्रू बोटीच्या तळात जाणार नाहीत. जुन्या इंपेलरचे तुकडे जुळवून बघा. एखादं पातं कमी भरलं तर ते पुढे इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेलं असतं. रोज इंजिन सुरू केलं की एग्झॉस्टमधून पाणी पडतंय ना, ते आधी पाहा.

डिझेलचंही तसंच. बोट महिनोन्‌महिने उभी असते तेव्हा गाळ आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. शेजारून मोठी बोट गेली की ते ढवळतं आणि फिल्टर तुंबतो. जादा फिल्टर घ्या, आणि बदलल्यावर हवा काढायचा स्क्रू कुठे आहे त्यावर रंगाची खूण करा.

पट्टा, होज क्लॅम्प, फ्यूज हे तर लागतंच. तळातल्या प्रत्येक झडपेला तिच्या मापाची लाकडी खुंटी बांधून ठेवा, म्हणजे झडप तुटली तर भोक बुजवता येईल. बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट हाताने उचलून पंप चालतो का बघा. हातपंप वेगळा हवा. बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर गुंतला तर आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच सुरी.

भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या आणि उथळ जागा चढत्या पाण्यावरच ओलांडा. रुतलात तरी पाणी सोडवेल. उधाणाच्या पूर्ण भरतीला रुतलात, तर पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे सुमारे दोन आठवडे, अडकून पडायची वेळ येऊ शकते. पुलाखाली मात्र हिशेब उलटा: भरतीला डोक्यावरची जागा कमी होते. डोलकाठीची उंची अँटेनासकट मोजून लिहून ठेवा. नवीन प्रदेशात जात असाल तर बॉयांची (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची) पद्धत तपासा; जगात तिचे दोन विभाग आहेत. बंदरात शिरताना लाल बॉय 'अ' विभागात (भारत, युरोप वगैरे) डावीकडे ठेवतात, 'ब' विभागात (अमेरिका, जपान वगैरे) उजवीकडे.

व्हीएचएफ रेडिओवर (बोटीवरच्या बिनतारी संचावर) चॅनेल 16, म्हणजे संकटाच्या हाकेचा चॅनेल, लावून ठेवा. आणि इंपेलर, पट्टा, फिल्टर यांचे पार्ट क्रमांक कागदावर लिहून इंजिनाच्या झाकणाला आतून चिकटवा.