पद्मक फुलला, आता फवारणी थांबवा

हिमालयाच्या उतारांवर, साधारण १,२०० ते २,४०० मीटर उंचीवर, रानचेरी म्हणजेच पद्मक या दिवसांत फुलतो. गढवाल-कुमाऊँत त्याला पंय्या म्हणतात, हिमाचलात पाजा. चेरीच्या कुळातली बहुतेक झाडे वसंतात फुलतात, हा मात्र कार्तिक-मार्गशीर्षातच गुलाबी होतो. म्हणूनच मधमाश्यांना त्याचा मोठा आधार. थंडी वाढत जाते, रानातली फुले संपत येतात, तेव्हा मकरंद आणि परागकण इथे मिळतात. आपल्याकडची सातेरी मधमाशी तीच तिकडची, कुमाऊँत घरांच्या भिंतीतल्या कोनाड्यांत पाळतात ती.

तेव्हा फुलोरा असेपर्यंत शेजारच्या पिकावर कीटकनाशक मारू नका. अगदीच गरज पडली तर संध्याकाळी, माश्या पोळ्यात परतल्यावर आणि वारा पडल्यावर फवारा. पेट्या ठेवणाऱ्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. फुलोऱ्यावरचा सगळा मध काढू नका. पुढची थंडी वसाहतीला त्याच साठ्यावर काढायची असते.

पूजेसाठी किंवा सरपणासाठी फांद्या हव्या असतील तर कोरड्या हवेत, धारदार करवतीने, मोजक्याच काढा. फांदी ओरबाडली की जखमेतून तांबूस डिंक पाझरतो आणि तिथून कूज शिरू शकते. खोडाची साल तर मुळीच सोलू नका. सभोवार साल निघाली की झाड वाळते. पद्मकाष्ठ, म्हणजे याच झाडाचे औषधी लाकूड, आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत विकले जाते, पण त्यासाठी उभे झाड मारणे मला अजिबात पटत नाही. छाटलेल्या फांद्या जपून ठेवा, त्याच विका.

रोपे करायची असतील तर आत्ताच निरोगी, भरपूर फुललेल्या झाडांवर खूण करून ठेवा. फळे चैत्र-वैशाखात पिकतात आणि पाखरे लवकर फस्त करतात, म्हणून लक्ष ठेवावे लागते. पिकलेली फळे हाताने चोळून गर काढा, बी स्वच्छ धुवा, उन्हात वाळवू नका. ताजे बी सावलीतल्या वाफ्यात पेरा आणि ओल टिकवा. पेरणी लांबणार असेल तर ओलसर वाळूत, थंड जागी ठेवा. बियांतला मगज कडू आणि विषारी असतो, मुलांना चघळू देऊ नका. हिमाचलात याच रोपांवर गोड चेरीचे कलम बांधतात, त्यामुळे चेरीची बाग करणाऱ्याने चार रोपे जास्तच वाढवावीत.

महाराष्ट्राच्या सखल, उष्ण भागात मात्र हे झाड लावण्याच्या फंदात पडू नका.