शेगडी निवडण्याआधी खिडकी आणि प्लग बघा

स्वयंपाकघराचं काम निघालं आणि चार महिने मी एका खोलीत रांधलं, कधी डबीवाल्या गॅस शेगडीवर, कधी विजेच्या हॉट प्लेटवर. आता कुणी विचारलं, "यातली कुठली घेऊ?" तर मी आधी खिडकी आणि प्लगबद्दल विचारते.

खिडकी उघडत नसेल तर गॅस नकोच. ज्योत नीट जळत नसली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, आणि त्याला ना रंग ना वास. डबीतून गळालेला ब्यूटेन, म्हणजे शेगडीत जळणारा गॅस, हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो.

प्लगचं मी चटका बसल्यावर शिकले. 1500 वॉटची प्लेट 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते. मी ती साध्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावली. थोड्या वेळात जळकट वास आला. पिन उपसली तर बोर्डाचं प्लास्टिक मऊ पडलेलं. प्लेट थेट भिंतीतल्या पॉवर पॉइंटलाच लावा.

हॉट प्लेटला भांडं सपाट बुडाचं लागतं. भांडं उलटं करून बुडावर स्टीलची पट्टी आडवी धरा. पट्टीखालून उजेड दिसला की तेवढ्या भागात प्लेट टेकणारच नाही, आणि तुम्ही पाणी उकळायची वाट बघत बसाल. गॅसला बूड कसंही चालतं, आच हवी तेव्हा लगेच कमी होते. परतायचं असेल तर मी गॅसच घेते, मंद शिजवायला प्लेट.

गॅसची डबी बसवताना तिच्या कडेची खाच शेगडीच्या खुणेशी जुळवा, मगच खटका दाबा. सांध्याला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवू नका. भांडं किंवा तवा इतका मोठा नको की डबीच्या कप्प्यावर येईल, कारण खालची डबी तापून फुटू शकते. ही चूक फार जण करतात, म्हणून मुद्दाम सांगते.

थंडीत ज्योत बारीक झाली तर घाबरू नका. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो, आणि वायू होताना डबीचीच उष्णता ओढून घेतो. हात लावून बघा, डबी गार आणि दवाने ओली लागेल. तिला गरम पाण्यात घालू नका. शेगडी बंद करून दुसरी डबी लावा.

प्लेट मात्र बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि काळी असल्याने कळत नाही. मी चार-पाच मिनिटं आधीच बटण बंद करते, उरलेल्या उष्णतेवर शिजू देते. मग रिकाम्या प्लेटवर पाण्याचं पातेलं ठेवते. कुणाचा हात पडत नाही आणि भांडी घासायला कोमट पाणी मिळतं.