रानअळंबीची ओळख: टोपीपेक्षा तळ आणि ठसा पाहावा

पावसाने जोर धरला की इंदूरच्या हिरवळींवर, उकिरड्यांवर आणि सिमरोल-चोरलच्या बाजूच्या सागवनात अळंब्या उगवू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले सल्लेही ऐकू येऊ लागतात. चांदीचा चमचा काळा पडला नाही तर अळंबी निर्धोक, लसणीबरोबर शिजवताना रंग पालटला नाही तर खाण्याजोगी, किड्यांनी कुरतडली असेल तर बिनविषारी, पांढरी चांगली आणि भडक रंगाची वाईट. यांतले एकही विधान खरे नाही. सर्वांत घातक अळंब्यांपैकी काही शुभ्र पांढऱ्या असतात, गोगलगाई आणि अळ्या त्या बिनदिक्कत खातात, चांदीवर त्यांच्या विषाचा काहीही परिणाम होत नाही आणि शिजवल्याने ते विष नष्टही होत नाही. पुढे दिलेली रीत अळंबीचे कुळ ओळखण्यासाठी आहे. तिच्या भरवशावर रानातली अळंबी ताटात वाढून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळा करताना खुरपे आणि कागदी पिशव्या न्याव्यात. प्लॅस्टिकमध्ये अळंबी घाम सुटून तासाभरात चिघळते. राळामंडळ हे अभयारण्य असल्यामुळे तिथून काहीही उचलू नये, छायाचित्रांवर समाधान मानावे.

अळंबी देठावरून खुडू नये, मुळासकट खणून काढावी. माळव्याची काळी माती ओली असताना इतकी चिकट असते की देठ ओढला तर तळ जमिनीतच राहतो, आणि नेमका तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. तळाशी पातळ पिशवीसारखे आवरण, देठावर कडे आणि टोपीखाली देठाला न टेकणारे पांढरे कल्ले (पात्यांसारख्या पातळ पट्ट्या) ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर अळंबी अमॅनिटा कुळातली असण्याचा दाट संशय घ्यावा. अळंबीच्या विषबाधेचे बहुतेक मृत्यू याच कुळातल्या अळंब्यांमुळे होतात. कडे पावसाने गळून पडते, पिशवी मातीत फाटून राहते, म्हणून एखादे लक्षण दिसले नाही एवढ्यावरून संशय सोडू नये. वारुळावर उगवणाऱ्या टर्मिटोमायसिसचा देठ खाली मुळासारखा लांबत वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेला असतो आणि टोपीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो. अंड्याच्या आकाराचा पांढरा गोळा सापडला तर तो उभा चिरावा: आत सर्वत्र सारखा पांढरा गर असेल तर तो कोवळा भूगोलक (टोपी-देठ नसलेली, चेंडूसारखी अळंबी) असू शकतो, टोपी आणि देठाची आकृती उमटलेली दिसली तर ती न उमललेली अळंबी आहे आणि ती अमॅनिटाही असू शकते.

टोपीचा व्यास, खवले, वास आणि चिरल्यावर बदलणारा रंग लगेच वहीत टिपून घ्यावा.

यानंतरचा टप्पा म्हणजे बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून झडणाऱ्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा. मला स्वतःला सर्वांत जास्त काळ यानेच झुंजवले, आणि बहुतेक मार्गदर्शनांत तो 'टोपी रात्रभर कागदावर ठेवा' एवढ्यात उरकलेला असतो. तेवढ्याने इंदूरच्या श्रावणात ठसा मिळत नाही. पूर्ण उमललेली, पण कडा अजून ताज्या असलेली टोपी निवडावी. कल्ल्यांवरचा पडदा फाटलेला नसेल तर बीजाणू कागदावर पडणारच नाहीत. टोपी फार जुनी असेल तर ते आधीच झडून गेलेले असतात. देठ कल्ल्यांच्या पातळीला अगदी सपाट कापावा, कारण अर्धा सेंटिमीटर जरी उरला तरी टोपी एका बाजूला कलंडते आणि ठसा फरफटतो. पावसात भिजलेली टोपी टिपकागदावर ठेवून वरचे पाणी निघू द्यावे. उलट टोपी सुकत चालली असेल तर तिच्या पाठीवर पाण्याचा एक थेंब टाकावा.

कागद निवडताना नेहमी गफलत होते. पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही आणि काळ्यावर काळा. म्हणून अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद वापरावा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे काचेचा स्वच्छ तुकडा घ्यावा, जो नंतर दोन्ही रंगांच्या कागदावर धरून पाहता येतो. वर वाटी उपडी घालावी, पंखा बंद ठेवावा आणि मुंग्या लागणार नाहीत अशी जागा पाहावी. चार ते बारा तासांत ठसा उमटतो. दमट हवेत त्याहून जास्त ठेवल्यास टोपी सडून तिचे पाणी ठशावर उतरते, आणि तो तपकिरी डाग लोक बीजाणूंचा रंग म्हणून वाचतात. खरा ठसा कोरडा, भुकटीसारखा असतो आणि त्यात कल्ल्यांच्या रेषा सुट्या दिसतात.

रंग खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहावा. विजेच्या दिव्याखाली फिकट हिरवा आणि पांढरा यांत फरक कळत नाही, आणि इथे तोच फरक निर्णायक आहे. हिरवळीवर पावसानंतर येणारी, तपकिरी खवल्यांची मोठी पांढरी अळंबी बहुधा क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस असते. तिचे कल्ले सुरुवातीला पांढरेच असतात, म्हणून फोनवरच्या छायाचित्रावरून ती भल्याभल्यांना खाण्याजोगी वाटते. ठसा मात्र मळकट हिरवा येतो. ती खाल्ल्यास एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. जुन्या भुशाच्या ढिगावर येणाऱ्या व्होल्व्हेरिएलाच्या तळाशीही अमॅनिटासारखीच पिशवी असते, परंतु तिच्या देठावर कडे नसते आणि ठसा गुलाबी येतो; अमॅनिटाचा पांढरा. बटण मशरूमच्या कुळाचा, अ‍ॅगॅरिकसचा, ठसा गडद चॉकलेटी असतो. शेणखतावरच्या काही अळंब्या सकाळी ताठ उभ्या असतात आणि दुपारपर्यंत विरघळून काळी शाई होतात. त्यांचा ठसा सकाळीच घ्यावा.

पांढरा ठसा म्हणजे निर्धोक अळंबी असा अर्थ कोणीही काढू नये. ठशाने चुकीचे कुळ बाद करता येते, बिनविषारीपणाचा दाखला मिळत नाही. ठसा, तळ आणि कल्ले यांपैकी एकही बाब नावाशी जुळत नसेल तर वहीत 'अनिश्चित' लिहावे, ओढूनताणून नाव बसवू नये.

कोणी खाऊन बसलाच तर लक्षणांची वाट पाहू नये. अमॅनिटाच्या विषाची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसतात, मग थोडे बरे वाटते आणि यकृत मात्र आतून निकामी होत राहते. रुग्णाला ताबडतोब इंदूरच्या एम. वाय. (महाराजा यशवंतराव) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि उरलेली अळंबी, शक्य तर तळासकट, कागदात गुंडाळून डॉक्टरांपुढे ठेवावी.

ठशाच्या कागदावर तारीख, जागा आणि अळंबी कशावर उगवली होती हे लिहून तो घडी न घालता पाकिटात ठेवावा. काचेवरचा ठसा दुसरी काच वर ठेवून कडांना चिकटपट्टी लावली की टिकतो.